पुन्हा बाजार भरविताना

आसिफाबादेहून राजुऱ्याकडे जाणाऱ्या सडकेवर वांकिडी लागते, आणि वांकिडी मागे टाकून थोडे पुढे गेले की तेलंगणाची हद्द संपून चंद्रपूर जिल्ह्याची हद्द सुरू होते. १९५६ साली हैदराबाद राज्याचे विभाजन होईपर्यंत राजुरा हा आदिलाबाद जिल्ह्यातलाच मुलूख होता. त्यामुळे कापसाची आडत, लेकीची सोयरीक, दवाखान्याची वारी आणि देवाची जत्रा या चार व्यवहारांनी ही हद्द मनापासून कधी मानलीच नाही. ती मानावयास लावली कोरोनाच्या साथीने. १२ मे २०२१ रोजी तेलंगणात दुसऱ्यांदा टाळेबंदी जारी झाली, तेव्हा इकडच्या दुकानांना सकाळी ६ ते १० एवढी मुभा होती आणि लग्नाला ४० माणसांची परवानगी होती. हद्दीपलीकडे महाराष्ट्रात त्याच सुमारास आवश्यक वस्तूंच्या दुकानांची वेळ ७ ते ११, आणि लग्न २५ माणसांत व दोन तासांच्या आत उरकावे, असा हुकूम होता. नवरा मुलगा इकडचा आणि नवरी तिकडची असली, म्हणजे मांडवात माणसे किती बसवावीत हा प्रश्न यजमानाच्या हाती न राहता दोन सरकारांच्या दफ्तरी जाऊन पडे.

पुढे २० जून २०२१ रोजी तेलंगणा सरकारने सारे निर्बंध एकदम उठविले. आदल्या दिवसापर्यंत जे सर्व वर्ज्य होते ते दुसऱ्या दिवशी सर्व विहित झाले. परंतु सरकारचा हुकूम एका रात्रीत उठतो तशी साथ उठत नाही. ती उतरते, रेंगाळते, आणि गर्दीची संधी मिळाली तर परतते. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, हे खरे. तरी श्वासावाटे पसरणारा असा एखादा रोग पुन्हा येणारच नाही, असा करारनामा कोणी कोणाला लिहून दिलेला नाही. म्हणून बंदी उठल्याच्या पहिल्या आठवड्यात दुकानदाराने, ग्रामपंचायतीने, जत्रेच्या मानकऱ्यांनी आणि लग्नघरच्या यजमानाने काय करावे, याचा विचार निवांतपणी, डोके शांत असताना करून ठेवणे हेच शहाणपणाचे होय. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे, आणि त्यातले सूत्रही एकच आहे: जे आभाळाखाली आहे ते आधी उघडावे, जे छपराखाली आहे ते सावकाश उघडावे, आणि जो आजारी आहे त्याला घरी बसणे परवडेल अशी तजवीज या दोहोंच्याही आधी करावी.

विडीच्या धुराची कसोटी

रोग कोणत्या वाटेने येतो हे नीट उमगले नाही, तर माणूस नेमक्या त्या वाटेवर पहारा न ठेवता भलत्याच ठिकाणी बंदोबस्त करीत बसतो. साथीच्या पहिल्या महिन्यांत आपण तसेच केले. वेशीवर फवारणीच्या कमानी उभारल्या, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या अंगावर औषध शिंपडले; शेवटी एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला असे स्पष्ट सांगावे लागले की, माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारणे निरुपयोगी तर आहेच, शिवाय डोळ्यांना आणि त्वचेला अपायकारकही आहे. कोरोनाचा विषाणू मुख्यत्वे श्वासातून पसरतो. खोकताना, शिंकताना उडणारे मोठे तुषार एकदोन मीटरच्या आत खाली बसतात. परंतु बोलताना, गाताना आणि नुसता श्वास सोडतानाही जे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात, ते कोंदट जागी धुरासारखे तरंगत राहतात.

या धुराच्या उपमेतच आपल्या मुलखातील कोणालाही वापरता येईल अशी एक कसोटी दडलेली आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी तेंदूपाने तोडणाऱ्या या प्रदेशात विडीचा धूर ओळखू न येणारा माणूस विरळाच. ज्या जागी उभे राहिल्यावर दुसऱ्याने ओढलेल्या विडीचा वास आपल्या नाकाला येईल, त्या जागी त्याचा श्वासही आपल्या नाकात जात आहे असे समजावे. उघड्या बाजारात तो वास वाऱ्याबरोबर क्षणात विरतो. ज्या दुकानाला मागे खिडकी नाही तेथे तो घटकाभर दरवळत राहतो. बंद सभागृहात पंखे लावले तर तो केवळ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरतो. कोणत्याही व्यवसायाची जोखीम मापावयाची असेल तर चार गोष्टी विचाराव्यात: हवा खेळती आहे की कोंडलेली, माणसे किती जवळ येतात, किती वेळ जवळ राहतात, आणि तेथे आवाज चढतो की नाही. जेथे या चारही गोष्टी प्रतिकूल असतील ते ठिकाण सर्वांत शेवटी उघडावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. बाधित माणूस लक्षणे दिसण्याच्या सुमारे दोन दिवस आधीपासूनच रोग पसरवू शकतो, आणि संसर्गानंतर लक्षणे उमटावयास १४ दिवसांपर्यंत अवधी लागू शकतो. दाराशी कपाळावर रोखलेली तापमापक बंदूक ताप आलेल्याला पकडते. ताप यावयाचा असलेल्याला ती सलाम करून आत सोडते. तेव्हा बंदूक ठेवावयाची तर ठेवावी, पण तिच्या भरवशावर खिडक्या बंद करू नयेत.

बाजार दोन दिवसांत वाटावा

आठवडी बाजार हा आपल्याकडचा व्यवहार मूळचाच उघड्यावरचा. प्लेगच्या काळात दख्खनमधील गावेच्या गावे घरे सोडून रानात झोपड्या घालून राहत असत. तेथे कारण उंदीर आणि त्यांच्या अंगावरील पिसवा हे होते, श्वास हे नव्हते, तथापि कोंदट घरापेक्षा मोकळे रान बरे हा त्यांचा अनुभव आपल्या कामीही उपयोगी पडतो. म्हणून बाजार हा प्रथम उघडण्याजोगा, आणि गावाच्या पोटापाण्याच्या दृष्टीने प्रथम उघडणे आवश्यकही. मात्र उघड्यावरचा बाजार निर्धोक असतो असे कोणी समजू नये. चेन्नईच्या कोयंबेडू येथील घाऊक भाजीबाजारातून २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत तमिळनाडूच्या अनेक जिल्ह्यांत संसर्ग पोहोचला आणि अखेर तो बाजार बंद करावा लागला. नवी मुंबईतील वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीवरही त्याच मे महिन्यात तीच वेळ आली. आभाळ मोकळे असून भागत नाही, तर माणसांच्या मध्येही मोकळी जागा असावी लागते.

साथीत अधिकारीवर्गाची एक स्वाभाविक प्रवृत्ती अशी असते की, वेळ आखडली म्हणजे गर्दी आखडेल असे त्याला वाटते. हिशेब करून पाहावा. समजा एका बाजाराला ६०० गिऱ्हाईक येते. बाजार सकाळी चारच तास भरविला तर ताशी १५० माणसे एकमेकांच्या अंगावर येतात. तोच बाजार दहा तास चालू ठेवला तर ताशी ६० येतात. आणि दहा तासांचाच बाजार दोन दिवसांत वाटला तर ताशी ३०. मिरची, मीठ, तेल तेवढेच खपते, गर्दी मात्र पाचव्या हिश्शावर येते. ज्याला आज घेता आले नाही त्याला परवा घेता येईल ही खात्री असली, म्हणजे माणूस धक्काबुक्की करीत नाही. दहा वाजता कुलूप लागणार हे ठाऊक असले, म्हणजे शांत माणूसही कोपराने वाट काढू लागतो. तेव्हा ग्रामपंचायतीने तहसीलदारांकडे अर्ज करताना वेळ वाढवून मागावी आणि दिवसही वाढवून मागावा. एका दिवशी भाजीपाला, धान्य व किराणा, तर दुसऱ्या दिवशी कापडचोपड, भांडी आणि जनावरे, अशी वाटणी सहज करता येते.

जागेची आखणी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी फक्कीने करावी. दोन दुकानांत निदान दोन मीटर अंतर, समोरासमोरच्या ओळींत निदान चार. दुकानांची तोंडे एकमेकांकडे न ठेवता एकाच दिशेला ठेविली, तर विकणारे दिवसभर एकमेकांच्या श्वासात बसत नाहीत. एका बाजूने आत व दुसऱ्या बाजूने बाहेर अशी वाट ठेवावी, आणि बैलबंड्या व टेम्पो बाजाराच्या बाहेर थांबवावेत. आत शिरण्याच्या जागी आणि खाण्याच्या दुकानांपाशी तोटी बसविलेले पिंप व साबण ठेवावा. वीस सेकंद साबणाने हात चोळणे हे महागड्या बाटलीतल्या द्रवापेक्षा कमी नाही, आणि पिंपात पाणी आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी कोणा एकाच्या नावावर लिहून ठेवावी, कारण जी जबाबदारी सर्वांची असते ती दुपारी बारानंतर कोणाचीच राहत नाही.

बाहेरगावचे व्यापारी अनेक बाजार करीत फिरतात, आणि साथही त्यांच्याबरोबर फिरू शकते. त्यांना अडविणे न्याय्य नाही आणि शक्यही नाही. परंतु आलेल्या प्रत्येकाचे नाव, गाव आणि दूरध्वनी क्रमांक एका वहीत टिपून ती वही पंचायत कचेरीत तीन आठवडे जपून ठेवावी व नंतर फाडून टाकावी. तिचा उपयोग बाधिताच्या संपर्कातील लोकांना इत्तिला देण्यापुरताच. ती पोलिसी फेरिस्त नव्हे, हे दवंडीतच सांगावे.

दुकाने, हत्यारे आणि हात

किराणा दुकानदाराला सर्वांत सोपा मार्ग आहे: फळी दारात आणावी. गिऱ्हाइकाने आत न येता यादी द्यावी, बाहेर उभे राहावे, माल दारात घ्यावा; आपल्या आजोबांच्या वेळी ओट्यावरून दुकाने अशीच चालत होती. पिठाच्या गिरणीत डबा ठेवून, चिठ्ठी लावून घरी जाण्याची रीत आहेच, ती सक्तीची करावी. गिरणीच्या घरघरीत माणसे एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून बोलतात, हा या धंद्यातील खरा धोका. औषधाच्या दुकानी आजारीच माणूस येणार, म्हणून तेथे दारात दोरी बांधणे आणि दुकानदाराने स्वतः चांगली नाकपट्टी लावणे अगत्याचे.

न्हाव्याचा धंदा अंतर राखून करताच येत नाही. तरी या धंद्याविषयी एक दिलासादायक दाखला उपलब्ध आहे. अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी मे २०२० मध्ये एका केशकर्तनालयातील दोन कारागीर बाधित असूनही काही दिवस काम करीत राहिले. त्यांनी १३९ गिऱ्हाइकांचे केस कापले, आणि कारागीर व गिऱ्हाइके दोन्ही बाजूंनी नाकतोंड झाकलेले असल्याने त्या गिऱ्हाइकांपैकी एकालाही त्यांच्यापासून लागण झाल्याचे आढळले नाही. या दाखल्याचा आशय बाधिताने कामावर यावे असा नाही. झाकलेल्या नाकाचे मोल किती, एवढाच आहे. तेव्हा न्हाव्याने खुर्ची शक्यतो दाराजवळ वा निंबाच्या सावलीत मांडावी, पहिले काही आठवडे केवळ केस कापावेत व दाढी बंद ठेवावी, कारण दाढीला पट्टी काढावी लागते; प्रत्येकाला नवे पाते, आणि टॉवेल गिऱ्हाइकाने घरून आणलेला.

बांगड्या भरणाऱ्या कासारणीची गोष्ट याहून नाजूक आहे. एका हातावर बांगड्या चढविताना ती त्या बाईचा पंजा आपल्या दोन्ही हातांत दाबून धरते, साबणाचे पाणी लावते, आणि चुडा चढेपर्यंत दोघींची तोंडे हातभर अंतरावर, बहुधा गप्पांत गुंतलेली असतात. हात धुणे या धंद्यात अंगभूतच आहे. उणीव आहे ती नाक झाकण्याची आणि भोवती दाटी करून पाहणाऱ्या पोरीबाळींना जरा दूर बसविण्याची. लग्नघरी चुडा भरावयाचा असेल तर ओसरीवर किंवा अंगणात भरावा, माजघरात नव्हे.

चहाचे हॉटेल हे गावाचे खरे सभागृह. म्हणून तेथे चार शब्द अधिक. २४ जानेवारी २०२० रोजी चीनमधील ग्वांगझू शहरात एका खानावळीच्या खिडक्या नसलेल्या दालनात शेजारशेजारच्या तीन टेबलांवर तीन कुटुंबे जेवावयास बसली होती. त्यांतील एका व्यक्तीला बाधा होती. भिंतीवरचे वातानुकूलन यंत्र तीच हवा त्या तीन टेबलांवरून फिरवीत राहिले, आणि पुढे त्या तीन कुटुंबांतील मिळून १० जण बाधित निघाले. तात्पर्य असे की, हॉटेलमालकाने बाके रस्त्याच्या कडेला झाडाखाली काढावीत, आत फक्त भट्टी ठेवावी. पंखा लावायचाच तर हवा बाहेर फेकील असा लावावा. पेले उकळत्या पाण्यातून काढावेत. आणि चहा पिऊन झाल्यावर वर्तमानपत्र वाचण्यासाठी जो तास जातो तो गिऱ्हाइकाने काही दिवस घरी घालवावा, अशी नम्र विनंती भिंतीवर लिहावी. खर्रा व पान खाऊन थुंकण्याची बंदी मात्र विनंतीच्या भाषेत लिहू नये.

फळी, तराजू, दाराची कडी ही हाताळली जाणारी ठिकाणे दिवसातून दोनदा पुसली म्हणजे पुरे. त्यासाठी साधी ब्लीचिंग पावडर, जिच्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते, ती दहा लिटरच्या बादलीत ३० ग्रॅम टाकावी. पुसलेली जागा दहा मिनिटे ओली राहू द्यावी. द्रावण रोज ताजे करावे, उघड्या जागी करावे, आणि फरशी वा शौचकूप धुण्याच्या तेजाबात ते चुकूनही मिसळू नये, कारण त्यातून जो वायू निघतो तो कोरोनाची वाट न पाहता माणसाला गुदमरवितो.

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात रात्रभर गाड्यांच्या रांगा लागतात, शेतकरी शेकोटीभोवती बसतात, एका घोंगडीत दोघे निजतात. रांग हीच येथे साथीची वाहक. एप्रिल २०२० मध्ये तेलंगणा सरकारने धानाची खरेदी गावोगावच्या केंद्रांवर केली आणि शेतकऱ्यांना टोकन देऊन नेमल्या दिवशीच बोलाविले. ही रीत कापसालाही लावावी. ज्याचा नंबर परवा आहे त्याने आज गाडी जुंपू नये, आणि ज्याने टोकन दिले त्यानेही त्या दिवशी माप करून शेतकऱ्याला सूर्यास्तापूर्वी मोकळे करावे. दुसरी अट पाळली गेली नाही तर पहिली कोणी पाळणार नाही.

विधी वेगळा, गर्दी वेगळी

जत्रा, सप्ताह आणि लग्न यांच्या बाबतीत प्रश्न आरोग्याइतकाच मनाचाही असतो. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोऱ्या शिपायांकरवी घरे धुंडाळण्यात आली, देवघरापर्यंत बूट गेले, आणि त्या संतापाची परिणती २२ जून रोजी त्या बंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली जाण्यात झाली. त्याच वर्षी, १० मार्च रोजी, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने मृत्यू आला. एकाच शहरात, एकाच साथीत, एका बाजूला सक्ती होती आणि दुसऱ्या बाजूला सेवा. लोकांनी कशाचे स्मरण कोणत्या भावनेने ठेविले, हे सांगावयास नको. यास्तव जत्रेचा निर्णय कचेरीतून खाली येण्यापेक्षा मानकऱ्यांकडून वर जावा.

तसा निर्णय घेता येतो याची उदाहरणे आहेत. २०२० च्या आषाढीला पालख्यांची पायी वारी निघाली नाही. संतांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटीच्या बसमधून पंढरपुरास गेल्या. त्याच वर्षी महाराष्ट्रात सार्वजनिक गणेशमूर्तीची उंची चार फुटांवर आणली गेली, आणि मुंबईत लालबागच्या मंडळाने मूर्ती न बसविता रक्तदानासारखे उपक्रम केले. या सर्वांत एकच विचार आहे: विधी अखंड ठेवावा, गर्दी खंडित करावी. चैत्रातील चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेला आपल्या भागातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे जात आली. २०२० चा चैत्र टाळेबंदीत गेला तेव्हा घरच्या देव्हाऱ्यापुढेच नारळ फुटला, आणि देवी काही रुसली नाही.

आपल्या डोंगरातील जंगुबाईचे स्थान घ्या. केरामेरीच्या बाजूला, दोन्ही राज्यांच्या सीमेवर, पुष्य महिन्यात गोंड बांधव तेथे जमतात, आणि देवीचे ठाणे गुहेत आहे. बाहेरचा माळ मोकळा, स्वयंपाकाच्या चुली दूरदूर, तेथे धोका अल्प. गुहेत मात्र दिवा, धूप आणि दाटी, तेथे धोका अधिक. तेव्हा यात्रा बंद करण्याची गरज नाही. गुहेत एका वेळी चारसहाच माणसे, तीही नाक झाकून व दर्शन घेऊन लागलीच बाहेर, आणि वृद्धांसाठी दर्शनाची वेगळी वेळ, एवढा शिरस्ता कुळांच्या प्रमुखांनी पाडला तरी पुष्कळ झाले. पुष्य हा पूर्ण महिना हाताशी आहे. एका दिवसाची गर्दी तीस दिवसांत वाटता येते ही सोय प्रत्येक देवाला लाभत नाही. दिवाळीच्या सुमारास दंडारीचे पथक गावोगाव पाहुणे म्हणून जाते. नाच अंगणात होतो तो होऊ द्यावा, मुक्काम मात्र शाळेच्या एका खोलीत पन्नास जणांचा नसावा.

भजन-सप्ताहाविषयी जरा कठोर बोलणे भाग आहे. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका समूहगान मंडळाची तालीम बंद सभागृहात अडीच तास चालली. ६१ जण होते, त्यांतला एक आजारी होता. पुढे एकूण ५३ जण बाधित वा बाधितासमान ठरले आणि दोघे दगावले. गाणारा माणूस खोल श्वास घेतो आणि जोराने सोडतो. कोंडलेली हवा, दाटी, दीर्घ अवधी आणि चढता आवाज, अशा चारही प्रतिकूल गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या. आपले भजन देवळाच्या गाभाऱ्याशी, पत्र्याच्या छपराखाली, रात्री बारापर्यंत चालते. ते पिंपळाच्या पारावर आणावे, वर्तुळात समोरासमोर न बसता एका दिशेला तोंड करून बसावे, एका तासात आवरते घ्यावे. टाळ प्रत्येकाने आपापले आणावेत.

लग्नात मांडवाला कनाती लावू नयेत; वर छत पुरे, चारी बाजू मोकळ्या. पंगत एकीऐवजी तीन बसवाव्यात, वाढपी एकच चमू असावा आणि त्याने बोलताना तोंड झाकलेले असावे, कारण जेवणाऱ्याला झाकता येत नाही. निमंत्रणात वेळ लिहावी: अमक्या गावच्या पाहुण्यांनी सकाळी, तमक्यांनी दुपारी. आमंत्रण न दिल्याचा राग वर्षानुवर्षे टिकतो. वेळ वाटून दिल्याचा राग गोड जेवणानंतर सहसा उरत नाही.

दोन आठवड्यांची पायरी

एक व्यवहार उघडला की दुसरा उघडण्यापूर्वी दोन आठवडे थांबावे. हा आकडा पंचांगातून काढलेला नाही. संसर्ग ते लक्षण हे अंतर १४ दिवसांपर्यंत असू शकते, म्हणून आज उघडलेल्या दाराचा निकाल त्याआधी लागत नाही. पहिल्या पायरीवर बाजार, किराणा आणि शेतीची अवजारे. दुसऱ्यावर न्हावी, शिंपी, हॉटेलची बाहेरची बाके. तिसऱ्यावर देवळाचे अंगण, उघड्या मांडवातले लग्न. शेवटच्या पायरीवर बंद सभागृह.

दर आठवड्याला सरपंच, पंचायतीचे सचिव, प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी, आशाताई आणि व्यापाऱ्यांचा एक प्रतिनिधी यांनी पाऊण तास झाडाखाली बसावे आणि तीन प्रश्न विचारावेत: तापखोकल्याचे रुग्ण मागील आठवड्याहून वाढले काय, शाळेत आणि कामावर गैरहजर किती, आणि हद्दीपलीकडच्या गावांत काय चालले आहे. कोणत्या खुणेला कोणती पायरी मागे घ्यावयाची हे आधीच लिहून, वाचून, सह्या करून ठेवावे. संकट दारात आल्यावर घेतलेला निर्णय नेहमी कोणाच्या तरी विरुद्ध घेतल्यासारखा दिसतो. निर्णयाची दवंडी तेलुगू, मराठी, गोंडी आणि उर्दू या चारही भाषांत पिटावी, कारण तेलुगूत छापलेला कागद आपल्याकडे पुष्कळांना नुसता दिसतो, वाचता येत नाही.

लसीकरण उपलब्ध होईल तेव्हा बाजारात सतत माणसांत वावरणारांना, म्हणजे दुकानदार, हमाल, न्हावी, वाहनचालक यांना, वयोवृद्धांच्या पाठोपाठ पुढे उभे करावे. कोरोनाची लस १६ जानेवारी २०२१ पासून प्रथम आरोग्यसेवकांना मिळाली आणि १८ वर्षांवरील सर्वांसाठी १ मे पासून खुली झाली. मधल्या साडेतीन महिन्यांत अफवा लसीच्या आधी गावात पोहोचली होती, हे विसरू नये. आरोग्य केंद्रात आणि पंचायतीत एकेक ऑक्सिमीटर असावा. बोटावर लावल्यावर आकडा ९४ च्या खाली गेला तर घरगुती काढ्यात वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

रिकामी जागा

आता अखेरची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. २०२० च्या मार्चअखेर विदर्भातून तेलंगणात मिरची तोडावयास गेलेले मजूर तेथेच अडकले, आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे कित्येक जण पायी निघाले. उन्हात, लेकरे खांद्यावर घेऊन चालणाऱ्या त्या माणसांना घरी राहा असे सांगणारे पुष्कळ होते. घरी राहिल्यावर चूल कशी पेटवावी हे सांगणारे थोडे. सुरक्षित बाजाराचे सारे नियम एका जागी येऊन अडतात: ज्याला सकाळी उठल्यावर घसा खवखवतो, त्या हमालाला, भाजीवालीला, वेचणीच्या बाईला एक दिवसाची मजुरी सोडणे परवडते काय? परवडत नसेल तर ती खोकला दाबून बाजारात येईल, आणि तिला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

म्हणून बाजार उघडण्यापूर्वी पंचायतीने व व्यापाऱ्यांनी मिळून एक लहानसा निधी उभारावा. प्रत्येक दुकानामागे बाजाराला काही रुपये, ठोक व्यापाऱ्यांकडून काही अधिक, जमाखर्च कचेरीच्या भिंतीवर लिहिलेला. आशाताईच्या चिठ्ठीवर आजारी माणसाला सात दिवसांचे धान्य व निम्मी मजुरी मिळावी. त्याचे नाव मात्र भिंतीवर लिहू नये. आणि भाजीवाल्यांना एक लेखी हमी द्यावी. बाजारात बसण्याची जागा वर्षानुवर्षांची असते. एक बाजार चुकला तर दुसरा कोणी तेथे पाल ठोकील या धास्तीने माणूस अंगात ताप असतानाही येतो. ती जागा त्याचीच राहील, दोन बाजार चुकले तरी राहील, असे पंचांनी चारचौघांत सांगावे आणि त्या जागी एक दगड ठेवावा.

फक्कीच्या रेघांवर दुकाने मांडली गेली, पिंपात पाणी आहे, माणसे नाक झाकून एका बाजूने येत आहेत, एवढ्यावरून बाजार नीट भरला असे समजू नये. मिरचीच्या आणि कांद्याच्या ढिगांच्या मध्ये एक दगड ठेवलेली जागा रिकामी आहे काय, शेजारणीने तिथे आपली टोपली सरकविली नाही ना, आणि संध्याकाळी उठताना तिने त्या घरी पावशेर मिरची पाठविली काय, एवढे पाहावे.